पेशीचक्र आणि पेशीविभाजन: कोकणातल्या विद्यार्थी, शिक्षक आणि बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानात चार आकृत्या काढून पेशीविभाजन संपतं आणि अकरावीत तेच पुन्हा वेगळ्या नावांनी येतं. प्रयोगशाळेत कांद्याचं मूळ ठेचल्यावर यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा खरे प्रश्न सुरू होतात. इथे आधी समजून घेण्याचे प्रश्न आहेत, मग बागेतले, मग स्लाइडचे.

पेशीचक्र आणि पेशीविभाजन एकच का?

नाही. एका विभाजनातून जन्मलेली पेशी स्वतः विभागून दोन होईपर्यंतचा सगळा काळ म्हणजे पेशीचक्र. प्रत्यक्ष विभाजन हा त्यातला शेवटचा छोटा तुकडा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं, तर विभाजनाला त्यातला जेमतेम एक तास लागतो. उरलेले तास तीन टप्प्यांत जातात: जी-१ (वाढ, सुमारे ११ तास), एस (डीएनएची प्रत काढणं, सुमारे ८ तास) आणि जी-२ (तयारी आणि तपासणी, सुमारे ४ तास). या तिघांना मिळून अंतराल अवस्था म्हणतात. हे आकडे सगळ्या पेशींना लागू नाहीत. जी-१ सर्वांत लवचिक असतो, आणि दोन प्रकारच्या पेशींच्या चक्राच्या लांबीत फरक असला तर बहुतेकदा तो जी-१मुळेच असतो.

मग अंतराल अवस्थेला 'विश्रांतीची अवस्था' का म्हणतात?

जुन्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेळी काही हलताना दिसत नसे म्हणून. १९५३ साली हॉवर्ड आणि पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनए तयार होण्याचं काम विभाजनाच्या वेळी नाही, तर त्याच्या बरंच आधी, ठरावीक काळात होतं हे दाखवलं. तो काळ म्हणजे एस. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची मोकळी जागा म्हणजे 'गॅप', आणि जी-१, जी-२ मधला 'जी' तिथूनच आला. उत्तरपत्रिकेत 'विश्रांती' लिहू नये. पेशीचं सगळ्यात जास्त काम याच वेळी चालू असतं.

खरी विश्रांती वेगळी आहे. जी-१ मधून बाजूला होऊन पेशी जी-शून्य अवस्थेत जाते. आपल्या बहुतेक चेतापेशी तिथून परत येत नाहीत. यकृताच्या पेशी मात्र गरज पडली की परततात.

चार अवस्था ओळखायच्या कशा? नावं पाठ आहेत, पण स्लाइडवर गोंधळ होतो.

नाव विसरा आणि गुणसूत्रं कुठे आहेत ते बघा.

केंद्रकाची गोल कड अजून जाणवतेय आणि आत गुंतलेल्या दोऱ्याचा गुंडा दिसतोय, तर ती पूर्वावस्था. केंद्रकी, म्हणजे केंद्रकातला गडद ठिपका, नाहीशी होत असते. सुरुवातीची पूर्वावस्था आणि अंतराल अवस्था यांत जाणकारही अडखळतात. तिथे एकच नियम पाळावा: सुटे दोरे स्पष्ट दिसत नसतील तर अंतरालात मोजा, आणि शेवटच्या पेशीपर्यंत तोच नियम ठेवा.

केंद्रकावरण गेलंय आणि गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका आडव्या पट्ट्यात आली आहेत, तर मध्यावस्था. वरून पाहिलं तर तोच पट्टा चक्रासारखा पसरलेला दिसतो, आणि तो बघून विद्यार्थी हमखास 'पूर्वावस्था' लिहितात. पूर्वावस्थेतले दोरे लांब आणि गुंतलेले असतात, इथे मात्र आखूड, जाड आणि सुटे.

दोन गट एकमेकांपासून दूर जाताहेत, तर पश्चावस्था. गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे दोन भाग जिथे जोडलेले असतात ती जागा, पुढे आणि टोकं मागे फरफटत येतात, म्हणून इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा केळीच्या फणीसारखा आकार दिसतो. ही अवस्था सर्वांत लवकर उरकते, म्हणून सर्वांत कमी सापडते. एका क्षेत्रात दोन दिसल्या तर स्लाइड चांगली झाली असं समजा.

दोन टोकांना दोन पुंजके, त्यांच्या कडा पुन्हा गोल होत आलेल्या आणि मध्ये एक बारीक रेघ, तर अंत्यावस्था. ती रेघ म्हणजे पेशीपट्टिका. वनस्पतीत ती मधून सुरू होऊन भिंतीकडे वाढते. प्राण्यांच्या पेशीत उलट होतं: बाहेरून खाच पडते आणि आत आवळत जाते. केंद्रकाच्या वाटणीला प्रकलविभाजन आणि पेशीद्रव्याच्या वाटणीला परिकलविभाजन म्हणतात.

एक चूक इतकी सर्वत्र आहे की वेगळी सांगायला हवी. कांद्याच्या पेशीची आकृती काढताना दोन टोकांना तारककेंद्रं, म्हणजे प्राण्यांच्या पेशीत टोकांना दिसणारे ठिपके, काढली जातात. कांद्यात तारककेंद्र नसतं. गुणसूत्रांना धरून ओढणारे तुर्कतंतू असतात, ते त्याच्याशिवाय तयार होतात.

या चार अवस्थांच्या विभाजनाला सूत्री विभाजन म्हणतात, आणि 'सूत्री' हा शब्द मात्र नेमका आहे. वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये 'मायटोसिस' हे नाव दिलं ते 'धागा' या ग्रीक शब्दावरून, आणि सूत्र म्हणजेही धागा.

गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचं प्रमाण यांत नेहमी घोळ होतो. कांद्याचं उदाहरण देऊन सांगाल?

कांद्याच्या शरीरपेशीत १६ गुणसूत्रं असतात. जी-१ मध्ये १६ गुणसूत्रं, प्रत्येक एकेरी. डीएनएचं माप २ धरा. एस संपल्यावर गुणसूत्रं १६च राहतात, पण प्रत्येक आता दोन अर्धगुणसूत्रांचं झालेलं असतं आणि डीएनए ४. जी-२, पूर्वावस्था आणि मध्यावस्थेत हेच चित्र. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू सुटतात, प्रत्येक अर्धगुणसूत्र स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजलं जातं आणि काही काळ एकाच पेशीत ३२ होतात. डीएनए मात्र ४च. मग वाटणी होते आणि दोन्ही पेशींत १६ गुणसूत्रं, डीएनए २.

थोडक्यात, मोजायचे ते गुणसूत्रबिंदू. एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतं, गुणसूत्रांची संख्या नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नांमध्ये याच ठिकाणी सर्वांत जास्त उत्तरं चुकतात.

पेशीला कळतं कसं की आता पुढच्या टप्प्यात जायचं?

सायक्लिन नावाची प्रथिनं चक्राबरोबर वाढतात आणि ठरल्या वेळी नष्ट केली जातात. ती एका विकराला (एन्झाइमला) जोडली गेली की तो जागा होतो आणि पुढच्या टप्प्याची कामं सुरू करतो. सायक्लिन नष्ट झालं की विकर थंड पडतो. टिम हंट यांना १९८२ मध्ये हे चढउतार सी अर्चिनच्या अंड्यांत दिसले. भरती ओसरल्यावर मालवणच्या खडकांत काटेरी गोळ्यासारखा दिसणारा प्राणी याच गटातला. त्याची अंडी फलित झाल्यावर सगळी जवळजवळ एका तालात विभागतात, म्हणून असा शोध तिथे सोपा गेला. २००१ चं नोबेल हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना विभागून मिळालं.

तपासणीनाकी तीन लक्षात ठेवा. जी-१ च्या शेवटी पेशी पाहते की आकार आणि अन्न पुरेसं आहे का, डीएनए धड आहे का. जी-२ च्या शेवटी पाहते की प्रत पूर्ण निघाली का. तिसरं नाकं मध्यावस्थेत: प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी तुर्कतंतू जोडले गेलेत का. एक जरी गुणसूत्र सुटं राहिलं तरी पश्चावस्था अडून बसते. हे तिसरं नाकं नीट ध्यानात ठेवा, खाली कळलावीच्या प्रश्नात ते लागणार आहे.

शहाळ्याच्या पाण्याचा पेशीविभाजनाशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

अगदी खरं, आणि परिकलविभाजन समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण किनाऱ्यावर मिळणार नाही. माडाच्या फळात भ्रूणपोषाचं, म्हणजे वाढणाऱ्या भ्रूणाला अन्न पुरवणाऱ्या भागाचं, केंद्रक विभागत राहतं, पण मध्ये भिंती पडत नाहीत. प्रकलविभाजन होतं आणि परिकलविभाजन मागे राहतं. परिणामी हजारो केंद्रकं एकाच द्रवात तरंगतात. तेच शहाळ्याचं पाणी. पुढे कवटीच्या आतल्या कडेने भिंती घालायला सुरुवात होते आणि त्यातून मलई धरते, मग खोबरं होतं. अडसर खोबऱ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या एकाच माडावरच्या वेगवेगळ्या पेंडींत पाहता येतात.

माडाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं असतात, पण भ्रूणपोष तीन संचांचा असल्यामुळे पाण्यातल्या केंद्रकांत आणि खोबऱ्यात ४८. ऊतिसंवर्धनाच्या माध्यमात नारळपाणी घालतात तेही विभाजनाला चालना देणारी सायटोकायनिनं त्यात असतात म्हणून.

हापूसची कोय लावली तर हापूस का येत नाही, आणि कलम लावलं तर का येतो?

कोय अर्धगुणसूत्री विभाजनातून (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनातून) येते आणि कलम सूत्री विभाजनातून, म्हणून.

आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं, म्हणजे २० जोड्या. परागकण आणि अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, आणि कोणतं जाणार ते प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरतं. फक्त या वाटपाने २चा २०वा घात, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यात या विभाजनाच्या पहिल्या पूर्वावस्थेत (पूर्वावस्था-१) समजात, म्हणजे एकाच जोडीतली, गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात ती अदलाबदल धरलेलीच नाही. शिवाय पराग शेजारच्या रायवळाचाही असू शकतो. हापूसच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो या फलनातूनच आलेला असतो. म्हणून कोयीतून उगवलेलं झाड हापूसचं अपत्य असतं, हापूस नव्हे. पैदासकारांना हेच हवं असतं: दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'रत्ना' ही जात नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली.

कलमात फलन नाही आणि अर्धगुणसूत्री विभाजनही नाही. काडीतल्या पेशी आहेत तशा प्रती काढत राहतात.

कोयकलम जगतं किंवा मरतं ते पेशींच्या पातळीवर कशामुळे?

खुंट आणि काडी यांचे ऊतककर, म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधला पातळ विभाजी थर, एकमेकांना टेकले की नाहीत यावर ते ठरतं. काप घेतल्यावर जखमेजवळच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि मऊ भरावपेशींचा थर दोन्ही बाजूंनी वाढतो. तो मध्ये भेटतो आणि मग त्यातून नवे ऊतककर आणि रसवाहिन्या जुळतात.

पद्धत पावसाळ्यातली, मुख्यत्वे जुलै-ऑगस्ट. कोय रुजून १०-१५ दिवसांचं, पानं तांबूस असलेलं रोप खुंट म्हणून घेतात. काडी तीन-चार महिन्यांची, खुंटाएवढीच जाड, १०-१५ सेंमी लांब. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली असावीत, म्हणजे डोळा फुगतो. खुंट कोयीपासून ६-८ सेंमीवर छाटून मध्ये ३-४ सेंमी चीर देतात, काडीला तेवढीच पाचर करतात, बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात.

काय बिघडतं? जाडी जुळली नाही तर काडी मधोमध बसवली जाते आणि दोन्हीकडचे ऊतककर चुकतात. अशा वेळी निदान एक कड तरी जुळवावी. काप दोन-तीन वेळा घासून घेतला तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पोकळ्या राहतात. पट्टी सैल असली की काप सुकतो. सुकलेल्या पेशी विभागत नाहीत. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत ही पद्धत चालते त्याचं कारण हेच आहे. पण तीच हवा बुरशीलाही आवडते, म्हणून चाकू पुसल्याशिवाय पुढच्या रोपाला लावू नये.

माडाला किंवा पोफळीला कलम का करत नाहीत, असंही विचारतात. त्यांना ऊतककरच नसतो. जोडायला थरच नाही.

माडाचा शेंडा गेला की माड का जातो? आंब्याला तर छाटलं तरी फुटवा येतो.

आंब्याच्या प्रत्येक पानाच्या बगलेत सुप्त डोळा असतो. माडाला उंच वाढवणाऱ्या विभाजी पेशी फक्त शेंड्याच्या गाभ्यात असतात, तो एकच कोंब. गेंड्या भुंगा न उलगडलेली पाती पोखरतो. पुढे ती उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसतात. तेवढ्याने माड मरत नाही. सोंड्या भुंग्याच्या अळ्या किंवा पावसाळ्यातली कोंबकुज गाभ्यापर्यंत पोहोचली की मात्र नवं पान तयार करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. वरची हिरवी झावळं आणखी काही महिने तशीच दिसतात, कारण ती आधीच तयार झालेली असतात. म्हणून मधला सुई कोंब पिवळा पडून हाताने उपसून येतोय का, हे बघावं. बाहेरच्या झावळांवर विश्वास ठेवू नये.

केळीला बी का नसतं?

राजेळीसारख्या बहुतेक लागवडीच्या केळींत ११ गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. अर्धगुणसूत्री विभाजनात जोड्या लावायच्या असतात आणि तीन जणांच्या जोड्या लागत नाहीत. वाटणी वेडीवाकडी होते आणि युग्मकं, म्हणजे पराग आणि अंडपेशीतल्या लैंगिक पेशी, निकामी ठरतात. फळ फलनाशिवायच धरतं. हळदीचंही तसंच: ६३ गुणसूत्रं, तीन संच, म्हणून लागवड गड्ड्यांनी. मात्र बी नाही म्हणजे तीन संचच असतील असं गृहीत धरू नये. सफेद वेलची केळ्यात दोनच संच आहेत, २२ गुणसूत्रं. पण ते दोन संच वेगवेगळ्या जातींकडून आलेले आहेत.

प्रयोगासाठी कांदा कोणता घ्यावा?

नुकताच काढलेला, घट्ट आणि तळाची चकती शाबूत असलेला. अलिबागचा पांढरा कांदा चालतो, लालही चालतो. मुळाच्या पेशींत रंगाचा अडथळा नसतो. कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची प्रक्रिया केलेला साठवणीचा कांदा चालत नाही, कारण त्या प्रक्रियेचा उद्देशच विभाजन थांबवणं हा असतो. चार-पाच दिवसांत एकही मूळ फुटलं नाही तर कांदा बदला.

जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढा, चकती कापू नका. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा ठेवा की पाणी फक्त चकतीला टेकेल. अर्धा कांदा बुडाला तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी वास येतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातं. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, मुळं खुंटतात. पाणी रोज बदला. तीन ते सहा दिवसांत २-३ सेंमीची पांढरी मुळं मिळतात.

मुळं केव्हा कापावीत?

सूर्योदयानंतर साधारण दोन तासांनी. कांद्याच्या मुळात त्या सुमारास विभाजन जोरात असतं. दुपारी प्रात्यक्षिकाचा तास आहे म्हणून दुपारी कापली तर पूर्ण स्लाइडवर अंतराल अवस्थाच दिसू शकते. सकाळी कापून स्थिर करून ठेवा, म्हणजे पेशी आहेत त्याच अवस्थेत थांबतात, आणि पुढच्या दिवशी दुपारी वापरा.

स्थिरीकरण कसं करायचं?

तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे ३० मिलीला १० मिली. दर वेळी ताजं करा. मिश्रण ठेवून दिलं की दोघांची आपसात अभिक्रिया होऊन जोर जातो. रंग घातलेलं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. मुळं कापल्याबरोबर त्यात टाका आणि २४ तास ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फ्रिजमध्ये ती बरेच आठवडे टिकतात. ग्लेशियल अ‍ॅसिड कातडी भाजतं, म्हणून हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच.

रंगवण्यापासून ठेचण्यापर्यंतची कृती?

स्थिर केलेलं मूळ पाण्यात धुवा. स्लाइडवर ठेवून एक थेंब एन/१० हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घाला, त्यावर अ‍ॅसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब. स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवत पाच-दहा मिनिटं कोमट ठेवा. रंग उकळता कामा नये आणि सुकताही कामा नये. स्लाइड हाताच्या मागच्या बाजूला टेकवता आली पाहिजे इतकीच ऊब. जादा रंग टिपून घ्या. आता सर्वांत गडद झालेलं २-३ मिमीचं टोक ठेवा आणि बाकीचं मूळ फेकून द्या. पाण्याचा थेंब घाला, कव्हरस्लिप तिरकी धरून सोडा, टीपकागदाच्या घडीत ठेवून पेन्सिलीच्या बोथट टोकाने हलके टकटक करा, मग अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा सरकला की सगळं वाया गेलं: पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रं लांबट फासल्यासारखी दिसतात.

रंग घरी करायचा तर १ ग्रॅम कार्मिन, ४५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि ५५ मिली पाणी. मंद उकळी, थंड करून गाळणं, गडद बाटली. गंजलेल्या सुईने थेंब ढवळला तर लोहाच्या अंशाने गुणसूत्रं अधिक गडद होतात, हा जुना आणि उपयोगी उपाय आहे. पण जास्त ढवळलं की रंगाचा काळपट गाळ बसतो आणि तो गुणसूत्रं म्हणून मोजला जातो.

सगळं केलं तरी विभाजन दिसत नाही. चूक कुठे?

पेशी लांबट आयताकृती असतील तर मूळ चुकीच्या जागी कापलंय. तो वाढीचा भाग आहे. विभाजी पेशी चौकोनी असतात आणि त्यांचं केंद्रक पेशीच्या मानाने मोठं असतं. बऱ्याचदा मुलं मुळाचं कापलेलं टोक ठेवतात आणि खरं टोक फेकतात. पेशींचे थरावर थर दिसत असतील तर अ‍ॅसिड किंवा ऊब कमी पडली. सगळंच फिकट गुलाबी असेल तर रंग जुना आहे किंवा वेळ कमी दिला. पेशीद्रव्यही लाल झालं असेल तर रंग जास्त बसलाय. कडेने ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टीपकागदाने ओढून घ्या. आणि पेशी उत्तम, रंग उत्तम, पण विभाजन नाहीच, तर कापायची वेळ चुकली.

आधी १०चं भिंग, मग ४०चं. थेट ४०वर गेल्याने कव्हरस्लिपा फुटतात.

विभाजन निर्देशांक कसा काढायचा?

विभाजनात असलेल्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. समजा ४०० पेशी मोजल्या: अंतराल ३६०, पूर्वावस्था २४, मध्यावस्था ७, पश्चावस्था ४, अंत्यावस्था ५. विभाजनातल्या ४०, म्हणून निर्देशांक १० टक्के. चक्र २४ तासांचं धरलं तर मध्यावस्थेला ७ भागिले ४०० गुणिले २४, म्हणजे ०.४२ तास, सुमारे २५ मिनिटं. मोजताना फक्त 'छान' दिसणारी क्षेत्रं निवडू नका. ओळीने चार-पाच क्षेत्रं घ्या आणि त्यातली प्रत्येक पेशी मोजा.

पावसाळ्यात स्लाइड आणि सूक्ष्मदर्शक कसे टिकवावेत?

तात्पुरत्या स्लाइडच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या तर फ्रिजमध्ये काही दिवस निघतात. कव्हरस्लिपा दमटपणाने चिकटतात. त्या अल्कोहोलच्या बरणीत ठेवा आणि वापरताना पुसा. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती काचेवरचा लेप खाते. सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत सिलिका जेल ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की भट्टीत तापवून पुन्हा निळं करा. ते गुलाबी झालेलं महिनोन्‌महिने तसंच पडून असणं, हे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांचं कायमचं दुखणं.

शंभर भाताचे दाणे तयार व्हायला किती अर्धगुणसूत्री विभाजनं लागतात?

एका विभाजनातून चार परागकण मिळतात, म्हणून १०० परागांसाठी २५. अंडपेशीच्या बाजूला चारांपैकी एकच टिकते, म्हणून १०० अंडपेशींसाठी १००. एकूण १२५. भाताची २४ गुणसूत्रं उत्तरात कुठेच लागत नाहीत. प्रश्नात दिली असतील तर ती दिशाभूल आहे.

कळलावी, सदाफुली आणि नरक्या या तिन्ही वनस्पती विभाजन थांबवतात म्हणतात. एकाच पद्धतीने का?

दोन एका पद्धतीने, तिसरी वेगळ्या.

दक्षिण कोकणात गणपतीच्या माटवीला लागणारी लाल-पिवळी कळलावी हिच्यात कोल्चिसिन असतं. ते तुर्कतंतू ज्या प्रथिनाच्या विटांनी बनतात त्या ट्युब्युलिनला चिकटतं. तंतू उभे राहत नाहीत, गुणसूत्रांना कोणी धरत नाही, आणि वर सांगितलेलं तिसरं नाकं उघडत नाही. पेशी मध्यावस्थेत अडकते. वनस्पतीच्या पेशीत कधी कधी गुणसूत्रं दुप्पट होऊनही वाटणी न होता एकच केंद्रक तयार होतं. बिनबियांचं कलिंगड याच गोष्टीवर उभं आहे: २२ गुणसूत्रांच्या रोपाला कोल्चिसिनने ४४ची करायची, तिचा पुन्हा २२च्या रोपाशी संकर करायचा आणि ३३ गुणसूत्रांचं बी पेरायचं. पुढची गोष्ट केळीसारखीच.

सदाफुलीतली व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिनही ट्युब्युलिनलाच धरतात. व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. चेतापेशी विभागत नसल्या तरी त्यांच्या लांब तंतूंत याच विटांच्या नळ्या वाहतुकीचं काम करतात, म्हणून हातापायांना मुंग्या येणं हा या औषधाचा ठरलेला दुष्परिणाम.

सह्याद्रीतल्या नरक्याचं काम आधीच्या टप्प्यावर. १९७२ मध्ये त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं कळलं. डीएनएची प्रत काढताना पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला ते डीएनएवरच अडकवून ठेवतं. प्रत काढणारी यंत्रणा त्यावर आदळते आणि डीएनए तुटतं. म्हणजे मार एस टप्प्यात बसतो. याच मागणीपायी नरक्याची झाडं सह्याद्रीत बेसुमार तोडली गेली.

मग गुणसूत्रं नीट मोजता यावीत म्हणून कळलावीचा कंद उगाळून वापरला तर?

नको. कंदात कोल्चिसिन किती आहे ते कळत नाही, आणि माणसाला तो जीवघेणा विषारी आहे. शाळेत तर आणूच नये. महाविद्यालयात शुद्ध कोल्चिसिनचं ०.०५ टक्के द्रावण दोन-तीन तास, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून. त्याऐवजी पॅराडायक्लोरोबेंझीनचं पाण्यातलं संपृक्त द्रावण तीन तास चालतं. तेही नसेल तर जिवंत मुळं कापून बर्फाच्या पाण्यात फ्रिजमध्ये २४ तास ठेवा आणि मग स्थिर करा. थंडीनेही तुर्कतंतू विरघळतात, गुणसूत्रं आखूड होऊन सुटी पसरतात आणि सोळाच्या सोळा मोजता येतात. निर्देशांक काढायचा असेल तेव्हा मात्र यातलं काहीही करू नका. मध्यावस्था साचून आकडा फुगतो.